मासे नसलेला फिशटँक

श्रावणात आमच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही. यंदा मात्र श्रावण लागला तोच हॉलमध्ये, टीव्हीशेजारी सडणाऱ्या कोळंबीसोबत. आणि ती मीच ठेवली होती!

सांगते. कामतघरला आमच्या घरापासून वऱ्हाळा तलाव जवळच. 'मासे बघायचेत ना, मग तिथे जा,' हे बाबांचं साधं म्हणणं. पण शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं, तेव्हापासून खाऱ्या पाण्याचा टँक माझ्या डोक्यात होता. दोन वर्षांपूर्वी पहिला बऱ्यापैकी चेक आला आणि मी तडक दुकान गाठलं. 'मॅडम, मीठ टाका, एक दिवस फिल्टर चालवा आणि मासे सोडा,' इति दुकानदार. दोन क्लाउनफिश आणले, तेच ते 'निमो'. पाचव्या दिवशी दोघेही पाण्याच्या वर येऊन धापा टाकत होते. आठवड्यात दोघेही गेले. पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं! तेच जास्त लागलं.

चूक नंतर कळली. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो, पण पन्नास लिटरच्या टँकमध्ये तो त्याच माशाचे कल्ले जाळतो. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2च्या आसपास, आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया जास्त विषारी. यातून वाचवतात ते बॅक्टेरिया. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्यामानाने गरीब, पाणी बदललं की कमी होतं. हे बॅक्टेरिया दगडावर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, आणि ती वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना खायला अमोनिया हवा. मासा न मारता तो आणायचा कुठून?

गटारीला आई कोळंबी सोलत होती. म्हटलं, 'आई, एक तेवढी कालवणात टाकू नकोस.'

स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, समुद्री क्षारांचं तयार मिश्रण लागतं. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे माझ्या टँकला पावणेदोन किलो. हायड्रोमीटरवर 1.025 आलं की जमलं. परदेशी व्हिडिओंमध्ये प्रवाळाचा 'जिवंत दगड' घ्या म्हणतात. आपल्याकडे कठीण प्रवाळांना 2001पासून वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे, तेव्हा कुणी गुपचूप विकत असेल तर सरळ बाहेर पडा. मी सच्छिद्र सिरॅमिकचे दगड आणले.

चौथ्या दिवशी टेस्ट किटमधलं पिवळं पाणी हिरवं झालं. अमोनिया! आठवड्याने कोळंबी काढली (वासाबद्दल न बोललेलं बरं). मग नायट्राइटचा जांभळा रंग चढला आणि तिथेच अडकला. दहा दिवस, पंधरा दिवस, तोच जांभळा. 'अगं, नुसत्या पाण्याकडे काय टक लावून बसतेस? कामं नाहीत का तुला?' आई म्हणायची. कामं होती की, डेडलाइन उलटून गेलेली! त्यात एका संध्याकाळी तीन तास लाईट गेली. पंप बंद म्हणजे बॅक्टेरियांचा ऑक्सिजन बंद. मेणबत्ती लावून मी कपाने पाणी वर उचलून ओतत बसले. बॅटरीवरचा एअर पंप आणण्याची अक्कल दुसऱ्या दिवशी आली.

गणपतीत आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, 'मासे मेले का?'

गौरी गेल्या त्या रात्री अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तरी विश्वास बसेना. थेंबाथेंबाने अमोनिया घालून 2 पीपीएमवर नेला. चोवीस तासांत दोन्ही पुन्हा शून्य! नायट्रेट वाढलं होतं, म्हणून निम्मं पाणी बदललं आणि मग एकच क्लाउनफिश आणला, हॅचरीत वाढवलेला. एकच, कारण वस्ती खाणाऱ्या तोंडांच्या हिशोबानेच वाढते.

त्याला महिना झाला. आता सकाळी किट घेऊन बसले की आई पोळ्या लाटता लाटता आतून विचारते, 'पिवळंच आहे ना गं?'