खाद्यजत्रेतील प्रयोगशाळा

प्रयोगशाळा म्हटली की परीक्षानळ्या आणि बुन्सेन ज्योत डोळ्यांपुढे येते. पण तवा, चूल आणि परात ही साधने असलेली प्रयोगशाळा तुम्ही पाहिली आहे का? पुण्यात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या भीमथडी जत्रेत अशा अनेक प्रयोगशाळा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. ठिकठिकाणच्या बचत गटांतील स्त्रिया आपापल्या भागाचे पदार्थ तेथे गिऱ्हाइकासमोर करून देतात. अशी जत्रा तुमच्या गावाजवळही भरत असेल. तेथे जाताना पैशांबरोबर एक वही आणि पेन्सिलही घ्या.

थापायची की ताणायची?

पहिला मुक्काम ज्वारीच्या भाकरीपाशी करू. पीठ मळताना त्यात गरम पाणी घातलेले दिसेल. हे कशासाठी? गव्हाच्या पिठात पाणी मिसळून मळले की त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन हा रबरासारखा चिवट पदार्थ तयार होतो. ज्वारीत ग्लुटेन होत नाही. म्हणून तिच्यातील स्टार्चची मदत घ्यावी लागते. गरम पाण्याने स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि पीठ एकत्र धरून ठेवतात. तरीही हे पीठ ताणले तर तुटतेच. म्हणून भाकरी हाताने थापतात.

आता खानदेशी मांड्यांच्या गाळ्यापाशी या. तेथील मावशी पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढा मोठा करतात आणि पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकतात. एवढा पातळ होऊनही मांडा फाटत नाही, कारण हे गव्हाचे पीठ आहे. एक थापायची, दुसरा ताणायचा, हा फरक दोन धान्यांच्या प्रथिनांमुळे पडला!

भाकरी तव्यावर टाकल्यावर तिच्या वरच्या अंगाला पाणी का लावतात, तेही पाहा. पाण्यामुळे कोरडे पीठ ओले होऊन पृष्ठभाग सांधला जातो, तडे जात नाहीत. पुढे आत तयार होणारी वाफ त्यामुळे कोंडून राहते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. मग भाकरी टम्म फुगली नाही तरच नवल!

तपकिरी ठिपक्यांचे रहस्य

भाकरीवर खमंग तपकिरी ठिपके पडतात, पण उकडीचा मोदक पांढराच राहतो. असे का? अमिनो आम्ले आणि शर्करा यांना एकत्र उष्णता दिली की त्यांची अभिक्रिया होऊन तपकिरी रंगाची आणि खमंग वासाची संयुगे तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मेयार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले. सुमारे १४० अंश सेल्सियसच्या पुढे ती झपाट्याने घडते. मोदक वाफेवर शिजतो, त्यामुळे त्याचे तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. तवा मात्र बराच अधिक तापतो.

जिभेची फसवणूक

कोल्हापुरी तांबड्या रश्श्याचा घोट घेतला की तोंडात आग पेटते. खरे तर मिरचीने काहीच तापत नाही. तिच्यातील कॅप्सायसिन हे द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच चाळवते आणि मेंदू फसतो. उष्णता ओळखणारा हा ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस हे वैद्यकशास्त्राच्या २०२१ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून पाण्यापेक्षा दुधाने किंवा दह्याने लवकर आराम पडतो.

न दिसणारे पाहुणे

जत्रेत तुमच्याआमच्यासारखेच आणखी कोणी जेवायला आलेले असतात, ते म्हणजे जिवाणू! अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. शिजवून ठेवलेल्या पदार्थात असे १,००० जिवाणू शिरले आणि तो चार तास कोमटच राहिला, तर काय होईल? चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे ४०,९६,०००! ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात त्यांची वाढ सहज होते. म्हणून पदार्थ वाफाळता तरी असावा, नाहीतर चांगला थंड तरी असावा. पुन्हा गरम केला की झाले, असेही समजू नका. काही जिवाणूंनी तयार केलेले विष उकळल्यानेही नाहीसे होत नाही.

तेव्हा गाळा निवडताना नुसत्या रंगावर आणि वासावर जाऊ नका. पुढील गोष्टी पाहा:

१. पदार्थ समोर शिजतो आहे का? झाकलेला आहे का?

२. पिण्याचे पाणी आणि बर्फ कोठून आणला आहे? बर्फात गोठलेले जिवाणू सगळेच मरत नाहीत.

३. तळणीचे तेल काळपट, दाट आणि फेसाळ झाले आहे का? पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगे साठतात. ती २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात लागू आहे.

४. भजी वर्तमानपत्राच्या कागदावर दिली आहेत का? शाईतील द्रव्ये गरम तेलात उतरतात. त्याऐवजी पान किंवा स्वच्छ ताटली मागून घ्या.

हे प्रश्न विचारताना आवाजात तपासनिसाचा रुबाब नको. भल्या पहाटेपासून राबणाऱ्या त्या मावशींचा संसार या विक्रीवर चालतो. स्वच्छ गाळ्यावर चार गिऱ्हाइके अधिक गेली, तर स्वच्छतेचे मोल आपोआप वाढते. चांगले गिऱ्हाईक होणे हेदेखील विज्ञानाचे काम आहे.

करून पाहा

जत्रेतून थोडे पनीर किंवा खवा आणा. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली नमुना पाण्यात उकळून थंड करा आणि त्यात आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग आला, तर त्यात स्टार्च मिसळलेला आहे. तुलनेसाठी घरी दूध फाडून केलेले पनीरही तपासा. तपासलेला नमुना मात्र खाऊ नका.

शिक्षकांनी वर्गाचे चार गट करावेत. एकाने धान्ये, दुसऱ्याने शिजवण्याच्या पद्धती, तिसऱ्याने आंबवलेले पदार्थ आणि चौथ्याने स्वच्छता यांची नोंद ठेवावी. परतल्यावर फळ्यावर तक्ता मांडा. आणि एक प्रश्न तुमच्यासाठी: बाजरीची भाकरी मांड्यासारखी हातावर फिरवून मोठी करता येईल का? उत्तर लिहिण्याआधी घरी पीठ मळून पाहा!