पाण्यातला किल्ला आणि पाण्याखालची वस्ती

जानेफळहून समुद्र फार लांब. पुष्कळांनी तो पाहिलेलाही नसेल. पण कोकणात जाण्याचा योग आलाच, तर मालवणचा सिंधुदुर्ग अवश्य पाहावा. तिथं कसं वागावं हे आधी कळावं, म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतो.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्यावर किल्ला बांधायला घेतला. १६६७ साली तो पुरा झाला. भोवती खारे पाणी. तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बेटाभोवती पाण्यात खडक लपलेले आहेत. वाट ठाऊक नसलेल्या शत्रूच्या जहाजाला त्यांचा मोठा धोका.

त्याच खडकांवर आज प्रवाळ राहतात. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो जीव आहे. मधमाशा मिळून पोळे बांधतात ना? तसे हे बारीक जीव मिळून चुन्याचे घर बांधतात. ते फार सावकाश वाढते. त्याच्या कपारीत मासे आसरा घेतात, तिथंच त्यांची पिल्ले वाढतात.

आपल्या जिल्ह्यात ज्ञानगंगा हे जंगलाचे अभयारण्य आहे. तसे मालवणला समुद्राचे आहे. सरकारने १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग राखून ठेवला. मासेमारीवर बंधने येतील म्हणून तिथल्या मच्छिमारांनी विरोध केला. त्यांचा तो पोटाचा प्रश्न. तेव्हा पोटासाठी जाळे टाकणाऱ्याला नियम लावायचे आणि मौजेसाठी आलेल्याने प्रवाळ तुडवायचे, हा काही न्याय नव्हे.

डोळ्यांना काचेचा चष्मा आणि तोंडात श्वासाची नळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत खालचे प्रवाळ पाहता येतात. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. पाण्यात उतरताना तरंगण्याचे जाकीट घालावेच. प्रवाळावर पाय टेकू नये, हात लावू नये. आठवण म्हणून तुकडा तोडून आणणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या बंद असतात. म्हणून हिवाळ्यात जावे.

किल्ल्याचा चिरा पडला तर गवंडी पुन्हा बसवील. मोडलेला प्रवाळ कोणा गवंड्याला बांधता येत नाही. म्हणून डोळे भरून पाहावे, आणि रिकाम्या हातांनी परतावे.