क्लचचे काम आणि फ्लायव्हीलची बैठक

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला बोल्टांनी आवळलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. सिलिंडरमधले सुटेसुटे धक्के ते आपल्या वजनाने पचवते आणि फिरणे सलग ठेवते. त्याच्या कडेच्या दात्यांत स्टार्टर अडकतो, तर मागच्या गुळगुळीत तोंडावर क्लच प्लेट घासते. त्यामुळे नवी प्लेट किती टिकेल, हे या तोंडावरही ठरते.

हे तोंड कसे खराब होते, ते घाटातल्या गाडीवरून कळते. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे आणि शिरपूर यांच्यामध्ये नरडाणा आहे. इथून उत्तरेला निघालेली गाडी पळासनेरच्या पुढे बिजासन घाटाला लागते. चढावर गाड्यांच्या रांगेत अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली, की प्लेटबरोबर फ्लायव्हीलही तापते. गिअरबॉक्स उतरवल्यावर तोंडावर निळसर-काळे डाग दिसतात ते या तापण्याचे. तिथले लोखंड कडक झालेले असते. डाग वरवरचे असतील तर ग्राइंडिंग करून तोंड सपाट करता येते. खोल तडे असतील तर फ्लायव्हील बदलावेच. बऱ्याच डिझेल गाड्यांत दुहेरी, आत स्प्रिंगा असलेले फ्लायव्हील येते. त्याला साध्या फ्लायव्हीलसारखे ग्राइंडिंग करू नये.

फ्लायव्हील काढण्यापूर्वी क्रँकवर आणि फ्लायव्हीलवर जुळणारी खूण करावी. काही इंजिनांत बोल्टांची भोके मुद्दाम असमान अंतरावर असतात, त्यामुळे चाक एकाच स्थितीत बसते. सगळ्यांत तसे नसते. क्रँक सेन्सरचे दाते फ्लायव्हीलवर असतील आणि चाक फिरवून बसले, तर इंजिन सुरूच होत नाही. चाक निघाल्यावर मागचे ऑईल सील उघडे पडते. ते जरा जरी ओले दिसले तरी लगेच बदलणे शहाणपणाचे. पुढे त्यातून ऑईल गळून नव्या प्लेटवर आले, तर सगळी खोलाखोल पुन्हा करावी लागते.

या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते क्रँकच्या फ्लँजच्या, म्हणजे फ्लायव्हील जिथे टेकते त्या तोंडाच्या, सफाईकडे. फ्लँज 8 सेंटिमीटर रुंद आणि फ्लायव्हील 25 सेंटिमीटरचे धरले, तर फ्लँजच्या एका कडेला अडकलेला 0.1 मिलिमीटरचा कण बाहेरच्या कडेला सुमारे 0.3 मिलिमीटरचा हेलकावा देतो. क्लच सोडताना गाडी थरथरते ती अशानेही. म्हणून गंज आणि बोल्टाच्या भोकांभोवतीची उठलेली धार काढावी, दोन्ही तोंडे कोरडी पुसावीत, आणि बसवल्यावर डायल गेज लावून हेलकावा मोजावा.

कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट नवेच घ्यावेत; आवळताना ते ताणले जातात. अनेक इंजिनांत बोल्टांची भोके आरपार ऑईलच्या बाजूला उघडतात, तिथे आट्यांवर सीलंट लागते. ते नसेल तर ऑईल आट्यांतून झिरपत क्लचपर्यंत येते. बोल्ट आधी हाताने टेकवावेत, मग समोरासमोरचे घेत दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळावेत. किती आवळायचे, ते प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते. अंदाजाचा जोर इथे चालत नाही. आवळताना कडेच्या रिंग गिअरचे दाते खास पट्टीने अडवावेत, स्क्रू ड्रायव्हर खुपसून नव्हे, कारण त्याने दाता तुटतो.

शेवटी फ्लायव्हीलच्या तोंडावरचा ग्रीस आणि बोटांचे ठसे ब्रेक क्लीनरने पुसून, प्लेटची 'फ्लायव्हीलकडची बाजू' बघून, मधोमध नेम धरणाऱ्या दांड्याने प्लेट बसवावी आणि मगच प्रेशर प्लेट चढवावी.