हायड्राचा लगदा आणि बशीतलं आतडं

अहिल्यानगर जिल्ह्यात, मुळा-प्रवरेच्या पट्ट्यात किंवा आणखी कुठे, शाळेजवळ स्वच्छ, संथ पाण्याचं तळं असेल तर एक करून पाहता येईल. पाण्यातली थोडी पानं-देठं तळ्याच्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घाला आणि बरणी रात्रभर न हलवता ठेवा. नशीब असेल तर सकाळी काचेला दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल. लांबी जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर, एका टोकाला शुंडकांचा झुबका. हा हायड्रा. शाळेच्या पुस्तकात तो मुख्यतः मुकुलायनाच्या आकृतीपुरता येतो.

हायड्राचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यातून नवा हायड्रा होतो, हे अठराव्या शतकापासून माहीत आहे. पण 1972 साली जर्मनीत आल्फ्रेड गीरर आणि सहकाऱ्यांनी याच्याही पुढचा प्रयोग केला. त्यांनी हायड्रांच्या पेशी एकमेकींपासून पूर्ण सुट्या केल्या. डोकं कुठलं, पाय कुठला, काही उरलं नाही. हा लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्याचा गोळा केला आणि ठेवून दिला. पेशी आपापल्या जागा शोधू लागल्या. बाहेरच्या थराच्या पेशी बाहेर गेल्या, आतल्या आत. गोळा पोकळ झाला आणि काही दिवसांत त्यावर शुंडकं फुटली. बहुतेक वेळा डोकी एकापेक्षा जास्त!

म्हणजे आराखडा गोळ्याबाहेर कुठेच नव्हता. पेशी शेजारच्या पेशींना रासायनिक निरोप पाठवतात आणि त्यावरून ‘मी कोण व्हायचं’ हे ठरतं. ऑर्गनॉइड, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला अवयवाचा छोटा नमुना, उभा राहतो तो याच गुणावर.

2009 साली नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली एकच मूलपेशी मऊ जेलमध्ये ठेवली. तिचा पोकळ गोळा झाला आणि खऱ्या आतड्याच्या अस्तरात असतात तशा खाचा त्याला पडल्या. संशोधकांनी आकार दिला नव्हता, फक्त तीन निरोप पुरवले होते. एक पेशींना वाढायला सांगणारा. दुसरा ‘विंट’ नावाच्या संदेशाला जोर देणारा. तिसरा नॉगिन. हे प्रथिन ‘बीएमपी’ नावाचा संदेश अडवतं.

आता पुन्हा हायड्राकडे. त्याचं डोकं कुठे व्हायचं हे ठरवण्यात विंटचाच मोठा वाटा असतो. आणि नॉगिन? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रावर अनेक वर्षं काम केलं. भारतातल्या नेहमी आढळणाऱ्या हायड्राचं शास्त्रीय वर्णनही या गटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी, 2010 मध्ये, त्यांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर हायड्रातलं नॉगिनचं जनुक वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याचा आरएनए त्यांनी बेडकाच्या भ्रूणात टोचला होता. भ्रूणाच्या शरीराचा अक्ष दुहेरी झाला! बेडकाला कणा, हायड्राला कण्याचा पत्ताही नाही. दोघांच्या पूर्वजांच्या वाटा वेगळ्या होऊन पन्नास कोटींहून अधिक वर्षं झाली. तरी एकाचा निरोप दुसऱ्याला कळला. माझ्या मते वर्गात सांगायची गोष्ट ही आहे. ‘बशीत मेंदू बनवला’ अशा मथळ्यांपेक्षा कितीतरी सरस.

मेंदूचं काम मात्र खोटं नाही. 2013 साली व्हिएन्नामध्ये मॅडलीन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिच यांनी मानवी मूलपेशींपासून वाटाण्याएवढे मेंदूचे ऑर्गनॉइड वाढवले. गर्भातल्या मेंदूची पहिली जडणघडण माणसात थेट पाहता येत नाही, ती त्यांत काही अंशी पाहता येते. झिका विषाणू वाढत्या मेंदूच्या पेशी कशा मारतो, हे 2016 मध्ये अशाच गोळ्यांवर दिसलं. आतड्याच्या ऑर्गनॉइडचा उपयोग तर रुग्णापर्यंत पोहोचला आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या गुदाशयाच्या अस्तराचा कण घेऊन त्याचे गोळे वाढवतात आणि त्यांवर औषध घालतात. औषध लागू पडणार असेल तर गोळे पाणी ओढून फुगतात.

मग पूर्ण अवयव का वाढवत नाहीत? अडचण साधी आहे. या गोळ्यांत रक्तवाहिन्या नाहीत. गोळा काही मिलिमीटरचा झाला की मधल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि त्या मरू लागतात. हायड्राला ही अडचण येत नाही. त्याच्या अंगात पेशींचे थर दोनच. एक बाहेरच्या पाण्याला लागून, दुसरा पोटातल्या.