शटर खाली, स्क्रिप्ट सुरू: दुकानाच्या व्हर्च्युअल मशिनचा बॅकअप क्लाउडवर कसा न्यायचा



उद्या सकाळी तुम्ही दुकान उघडलंत आणि काउंटरवरचा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, तर? माल कपाटात आहे, गिऱ्हाईक दारात आहे. पण उधारी कोणाकडे किती, कुठल्या व्यापाऱ्याचं बिल थकलंय, स्टॉक किती उरलाय, हे सगळं त्या बंद डब्यात अडकलंय. फर्निचर पुन्हा घेता येतं. उधारीची यादी बाजारात विकत मिळत नाही.

म्हणून या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बिलिंगचं अख्खं व्हर्च्युअल मशिन कमांडच्या मदतीने क्लाउडवर पाठवलं. कमांड स्क्रीनवर दिसतात, व्हिडिओ थांबवून उतरवून घ्या. इथे मी प्रत्येक पायरी काय करते आणि कुठे फसू शकते ते सांगतो.

आधी समजून घेऊ: व्हर्च्युअल मशिन कशाला?

व्हर्च्युअल मशिन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. त्याची स्वतःची विंडोज, स्वतःची डिस्क, स्वतःचं बिलिंग सॉफ्टवेअर. खऱ्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने मात्र हे सगळं म्हणजे काही मोठ्या फायली.

आपल्याकडे बऱ्याच दुकानांत जुनं बिलिंग सॉफ्टवेअर अजून चालू आहे, कारण त्यात दहा वर्षांचा हिशोब आहे. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा आणि जुनी सिस्टिम त्याच्या आत व्हर्च्युअल मशिन करून, शक्यतो इंटरनेटपासून लांब ठेवून चालवायची, हा मधला मार्ग आहे. माझ्या इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात बिलिंग असंच चालतं. व्हर्च्युअलबॉक्स हे त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही नावाची सोय आतच मिळते, होम आवृत्तीत ती नसते.

याचा मोठा फायदा असा की अख्खी सिस्टिम एका फाइलमध्ये बांधता येते. या फाइलला ओव्हीए म्हणतात. बोचकं समजा: आत डिस्क, मशिनची माहिती आणि तपासणीची यादी, सगळं एकत्र. हे बोचकं दुसऱ्या कॉम्प्युटरवर सोडलं की तुमचं बिलिंग तिथे उभं राहतं.

पेन ड्राइव्ह आहे ना, मग क्लाउड कशाला?

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. दोन उदाहरणं देतो.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूरनेही हेच भोगलं. आता विचार करा, कॉम्प्युटर काउंटरवर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. पाणी दोघांनाही एकत्रच घेऊन जातं. आग लागली किंवा चोरी झाली तरी तेच.

दुसरं, मे २०१७. वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने सुमारे दीडशे देशांतल्या कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. तो ज्या प्रकारच्या फायली शोधत होता त्यांत व्हर्च्युअल डिस्कच्या फायलीही होत्या. असे प्रोग्राम जोडून ठेवलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हलाही सोडत नाहीत.

म्हणून जगभर ३-२-१ चा नियम सांगतात: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी. क्लाउड ही ती वेगळी जागा.

कायद्याचा भागही लक्षात घ्या. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशोबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे सहा वर्षं. एवढ्या काळात एखादी हार्ड डिस्क मान टाकणार, हे धरूनच चला.

आणि एक गैरसमज: व्हर्च्युअलबॉक्समधला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट मूळ डिस्कवर अवलंबून असतो आणि बहुतेक वेळा तिच्याच शेजारी पडलेला असतो. मूळ डिस्क गेली की तोही निकामी.

हाताने नको, स्क्रिप्टने का?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये मेनूतून एक्सपोर्ट करता येतं. पहिला आठवडा तुम्ही कराल. गणपती आले, दिवाळी आली, लग्नसराई आली की राहून जाईल. स्क्रिप्ट म्हणजे त्याच कमांड एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवणं. विंडोजच्या टास्क शेड्युलरला वेळ सांगितली की तो ती फाइल त्या वेळी चालवतो. त्याला दिवाळी नसते.

आमच्याकडे पद्धत अशी आहे: बिलिंगच्या डेटाचं फोल्डर रोज रात्री, कारण ते छोटं असतं. अख्खं मशिन आठवड्यातून एकदा, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री. रोज अख्खं मशिन पाठवण्यात इंटरनेटही जातं आणि पैसेही.

स्क्रिप्टच्या सात पायऱ्या

१. मशिन नीट बंद करा. व्हर्च्युअलबॉक्सचं एक्सपोर्ट बंद मशिनचं होतं. व्हीबॉक्समॅनेज या कमांडने मशिनला पॉवर बटन दाबल्याचा इशारा द्यायचा. मग स्क्रिप्टने थांबून, चालू मशिनच्या यादीतून नाव गेलं का ते बघायचं. दहा मिनिटांत बंद झालं नाही तर तिथेच थांबायचं आणि तशी नोंद करायची. जबरदस्तीने बंद करायचं नाही, अर्धवट लिहिलेला डेटा बिघडू शकतो. हायपर-व्हीवाल्यांना पॉवरशेलमधल्या एक्सपोर्ट-व्हीएम कमांडने चालू मशिनही एक्सपोर्ट करता येतं, पण दुकान बंदच असेल तर मशिन बंद करून घेतलेला बॅकअप जास्त खात्रीचा.

२. एक्सपोर्ट करा, नावात तारीख घाला. "बिलिंग" असं एकच नाव ठेवलंत तर पुढच्या आठवड्याची फाइल आणि मागच्या आठवड्याची फाइल एकमेकींशी भांडतील. तारीख वर्षापासून लिहा, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात.

३. कमांडचं उत्तर तपासा. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे गडबड. शून्य नसेल तर अपलोड करायचंच नाही. ही एक ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि सगळी मजा तिथेच बिघडते.

४. मशिन परत सुरू करा. सकाळी मुलगा दुकान उघडायला येईल तेव्हा बिलिंग तयार हवं. तिसऱ्या पायरीत गडबड निघाली तरी ही पायरी चुकवायची नाही.

५. क्लाउडवर पाठवा. यासाठी मी आरक्लोन वापरतो. मोफत आहे आणि अनेक क्लाउड सेवांशी बोलतं. त्यात क्रिप्ट नावाची सोय आहे, ती फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद करून मग पाठवते. कुलूप आपलं, किल्ली आपली. इथे एक सावधगिरी: "कॉपी" आणि "सिंक" या दोन कमांड वेगळ्या आहेत. सिंक दोन्ही बाजू सारख्या करतं. म्हणजे इथली फाइल उडाली की क्लाउडवरचीही उडवतं. बॅकअपसाठी कॉपीच वापरा.

६. पोचलं का ते ताडून बघा. आरक्लोनची क्रिप्टचेक कमांड इथली आणि तिथली फाइल तंतोतंत एक आहे का ते तपासते. ती हो म्हणाली तरच इथली जुनी फाइल काढायची.

७. निरोप द्या. काम झालं की फोनवर ईमेल किंवा मेसेज यायला हवा: फाइलचं नाव, आकार, किती वेळ लागला. फक्त बिघाड झाल्यावर निरोप देणारी स्क्रिप्ट लिहू नका. कॉम्प्युटरच बंद असेल तर बिघाडाचा निरोप कोण देणार? रोज निरोप येतो आणि आज आला नाही, हे मात्र लगेच लक्षात येतं.

गिटलॅबची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, एवढं तपासायची काय गरज? मग ही गोष्ट ऐका. गिटलॅब ही प्रोग्रामर लोकांचं काम साठवणारी मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. ठीक आहे, क्लाउडवर बॅकअप आहे म्हणून बघायला गेले, तर जागा रिकामी. बॅकअप घेणारं साधन ९.२ आवृत्तीचं होतं, डेटाबेस ९.६ चा. दोघांचं जमत नव्हतं, म्हणून बॅकअप अपयशी ठरत होता. अपयशाचे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता.

योगायोगाने सुमारे सहा तास आधी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत घेतली होती, तिच्यावरून कंपनी उभी राहिली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं कंपनीने स्वतः जाहीरपणे लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा.

तज्ज्ञांची फौज असलेल्या कंपनीचं हे झालं. आपल्या दुकानात तर आयटी विभाग म्हणजे आपण आणि आपला भाचा. म्हणून तिसरी, सहावी आणि सातवी पायरी सोडू नका.

वेळेचा आणि पैशाचा हिशोब

समजा बोचकं २० जीबीचं आहे. तुमचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल तर साधारण सव्वादोन तास लागतील. ५ एमबीपीएस असेल तर जवळपास नऊ तास. प्लॅन विकणारे डाउनलोडचा वेग मोठ्याने सांगतात, तुम्ही अपलोडचा विचारा. मध्येच लाइट गेली तर मोठी फाइल पहिल्यापासून पाठवावी लागू शकते, म्हणून कॉम्प्युटरसोबत राउटरलाही यूपीएस द्या.

क्लाउडच्या बिलात तीन गोष्टी बघा: ठेवण्याचं भाडं, बाहेर काढण्याचं शुल्क आणि किमान मुदत. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत डेटा आत पाठवायला ट्रान्सफरचे पैसे नाहीत, पण परत आणायला लागू शकतात. तिथला ग्लेशियर डीप आर्काइव्ह प्रकार खूप स्वस्त आहे, पण किमान १८० दिवसांचं भाडं लागतं आणि फाइल मागितल्यावर साधारण १२ तास थांबावं लागू शकतं. जुन्या वर्षांच्या हिशोबाला तो चालेल. चालू आठवड्याच्या बॅकअपला नाही, कारण तुम्हाला दुकान सकाळीच उघडायचंय. गुगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत आपलं २० जीबीचं बोचकं बसतच नाही, आणि त्या १५ मध्ये तुमचे मेल आणि फोटोही असतात.

जागा निवडताना मुंबई घ्या. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर २०२२ पासूनच्या नियमानुसार हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. अशा वेळी आधी आपल्या सीएशी बोला.

किल्ली कुठे ठेवाल?

क्लाउडमध्ये शिरायची किल्ली स्क्रिप्टला माहीत असते. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला तर त्यालाही ती सापडते. त्यामुळे स्क्रिप्टला दिलेल्या किल्लीला फायली ठेवायची आणि वाचायचीच परवानगी द्या, पुसायची नको. क्लाउडवर व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे फाइलवर फाइल लिहिली गेली तरी जुनी प्रत राहते.

क्रिप्टचा पासवर्ड कागदावर लिहून घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. तो हरवला तर तुमचा बॅकअप तुम्हालाही उघडता येणार नाही.

खरी परीक्षा: उघडून बघा

दर तीन महिन्यांनी एकदा क्लाउडवरून बोचकं उतरवा, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर व्हीबॉक्समॅनेजच्या इम्पोर्ट कमांडने सोडा आणि मशिन सुरू करा. सुरू करण्याआधी त्या प्रतीचं नेटवर्क बंद ठेवा, नाहीतर दोन दुकानं एकाच नावाने चालू होतील. शेवटचं बिल उघडा, एका गिऱ्हाइकाची उधारी तपासा, एक प्रिंट काढा. सॉफ्टवेअरचा परवाना नवीन कॉम्प्युटरवर कुरकुर करतो का तेही इथेच कळेल. किती वेळ लागला ते वहीत लिहा. दुकान किती तासांत परत उभं राहील, याचं तेच खरं उत्तर.

यात धंदाही आहे

हे स्वतःच्या दुकानात तीन महिने नीट चालवलंत की तुमच्या हातात एक सेवा तयार आहे. तुमच्या गल्लीतलं मेडिकल, दवाखाना, ट्रान्सपोर्टवाला, सगळ्यांचा हिशोब एकाच डब्यात आहे. एकदा बसवण्याचे पैसे, मग दरमहा देखरेखीचे. भाव ठरवताना क्लाउडचं बिल, तुमचे तास आणि तिमाही चाचणीचा वेळ, तिन्ही धरा. क्लाउडचं खातं ग्राहकाच्याच नावावर काढा. आणि दर तीन महिन्यांनी त्याच्यासमोर बॅकअप उघडून दाखवा. "बॅकअप घेतो" असं सांगणारे पुष्कळ भेटतील, उघडून दाखवणाऱ्याला ग्राहक सोडत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ एवढाच: तुमच्याकडे आज जो बॅकअप आहे, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला तर उत्तम. नाही उघडला, तर रविवारी दुपारी दोन तास काढा, व्हिडिओ लावा आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.