गव्हाणी घुबडाचा दिनक्रम

टायटोनिडी कुलातील या निशाचर पक्ष्याचे शास्त्रीय नाव टायटो आल्बा असे आहे. अलीकडच्या काही वर्गीकरणांत भारतातील पक्ष्यांचा समावेश टायटो जावानिका या जातीत करतात. लांबी सु. ३५ सेंमी.; चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा; पाठ सोनेरी-करडी. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कंधार, औसा, उदगीर येथील भुईकोट किल्ल्यांसारख्या वास्तू, जुने वाडे व पडक्या विहिरी यांतील कोनाडे याला मानवतात.

दिवसा तो काळोख्या जागी ताठ बसून झोपतो. उजेडात बाहेर पडल्यास कावळे त्याचा पाठलाग करतात. सूर्यास्तानंतर तो पंख ताणतो, पिसे साफ करतो व अंधार पडू लागताच बाहेर पडतो. शिकारीचा जोर सामान्यतः रात्रीच्या प्रारंभी व पहाटेपूर्वी असतो. मधल्या काळात तो विसावतो. न पचलेली हाडे व केस यांचे गोळे तो तोंडावाटे टाकतो. घरट्यात पिले असताना मात्र रात्रभर खेपा चालू असतात. या भागात डिसेंबरातील रात्र सु. १३ तासांची, तर जूनमधील सु. पावणेअकरा तासांची असते. त्यानुसार शिकारीचा अवधी कमीजास्त होतो. पिसे लवकर भिजत असल्यामुळे पावसाच्या झडीत शिकार खंडित होते.

याच्या डाव्या कानाचे छिद्र उजव्यापेक्षा वर असते. त्यामुळे आवाजाची उंची व दिशा दोन्ही अचूक कळतात. पूर्ण अंधारातही तो केवळ आवाजावरून उंदीर पकडतो, हे रॉजर पेन यांनी १९६० च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले. मऊ पिसांमुळे त्याचे उड्डाण जवळजवळ निःशब्द असते.

हा पक्षी घूत्कार करीत नाही. कर्कश किंचाळतो व फुत्कारतो. या आवाजाला अपशकुन मानून त्याला हुसकावतात, कधी मारतातही. वस्तुतः ज्वारी, तूर व सोयाबीन यांच्या शेतांतील उंदीर व घुशी हेच त्याचे मुख्य भक्ष्य होय. उंदरांसाठी घातलेले विष भक्ष्यावाटे त्याच्याही पोटात जाऊ शकते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची अनेक माळवदाची घरे पडली. त्यांच्या जागी आलेल्या सिमेंटच्या घरांत असे कोनाडे नसतात. जुन्या वास्तूंतील निवारे राखणे व विषाचा वापर मर्यादित ठेवणे हे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्यास संरक्षण आहे.