वजन घटते, मग ते जाते कुठे?

पंढरपूरहून परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी खामगावला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी शेगावला पोचते. या शेवटच्या टप्प्यात हजारो लोक तिच्याबरोबर चालतात. अंतर सुमारे १७ किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी मीही चाललो. निघताना घरच्या काट्यावर माझे वजन ८० किलो होते. बसने परत आल्यावर ७८.८ भरले. मला कोण आनंद झाला! तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा ८० वर. नववीतल्या मुलाने विचारले, "बाबा, सव्वा किलो गेलं कुठे आणि परत आलं कुठून?"

प्रश्न वस्तुमानाचा, आणि मी भौतिकशास्त्राचा अध्यापक. उत्तर देणे भागच होते.

गेले होते ते मुख्यतः घामावाटे पाणी, आणि पाणी पिऊन ते भरून निघाले. मग चरबी किती गेली? सपाट रस्त्यावर साधारण चालीने चालताना, बसून राहण्यापेक्षा जास्तीची अशी, दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे अर्धी किलोकॅलरी खर्च होते. (आहाराच्या गप्पांत जिला नुसती 'कॅलरी' म्हणतात, ती हीच.) ८० × १७ × ०.५ म्हणजे ६८० किलोकॅलरी. शरीरातील एक किलो चरबीच्या थरात सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. भागाकार करा: जेमतेम ९० ग्रॅम! आणि शेगावला पोचल्यावर मी तीन कचोऱ्या खाल्ल्या होत्या. मैदा, डाळ आणि मुरलेले तेल मिळून एका कचोरीच्या २०० किलोकॅलरी धरल्या, तर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

आठवडाभर उपाशी राहून दोन-तीन किलो उतरवणाऱ्यांचेही बरेचसे असेच असते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो व त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपाशी राहिले की आधी हा साठा रिकामा होतो, पाणी निघून जाते, काटा झरझर खाली येतो. जेवण सुरू झाले की तितक्याच तत्परतेने वर जातो. आपल्याकडच्या उपवासात तर तेवढेही होत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी!

खरी चरबी जाते तेव्हा मात्र कुठे जाते? "तिची उष्णता होते" असे बहुतेक जण सांगतात. पण मग वस्तुमानाचे काय? ऑस्ट्रेलियातील रूबेन मीरमन व अँड्र्यू ब्राऊन यांनी २०१४ साली हा हिशेब प्रसिद्ध केला. १० किलो चरबीचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले, तर तिच्या वस्तुमानापैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर जाते आणि १.६ किलोचे पाणी होते. म्हणून कोणी जागेवर बसून भराभर श्वास घेऊ लागेल, तर नुसती चक्कर येईल. कार्बन आधी पेशींत सुटा व्हावा लागतो, आणि त्यासाठी स्नायूंना काम हवे.

हे सारे मी कुतूहलापोटी मांडले नव्हते. माझ्या वडिलांची दृष्टी मधुमेहाने अधू झाली. त्याच वर्षी माझी उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. शंभराच्या आत हवी. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले, तेही सावकाश.

दोनच गोष्टी बदलल्या. रोज सकाळी साडेचार किलोमीटर चालणे: सुमारे १८० किलोकॅलरी. आणि दिवसातल्या चार कप चहांतली दोन-दोन चमचे साखर बंद: साधारण ४० ग्रॅम, म्हणजे १६० किलोकॅलरी. पाऊण तास चालणे आणि चार कपांतली साखर जवळजवळ तोलाची निघाली, याचे मला अजून नवल वाटते. स्टाफरूममधला बिनसाखरेचा चहा पहिला महिनाभर औषधासारखा लागला, हेही कबूल करतो.

कागदावर दहा महिन्यांत तेरा किलो उतरायला हवे होते. उतरले सहा. हिशेब चुकला का? सूत्र बरोबर होते, पण सगळ्या राशी स्थिर आहेत हे गृहीत चूक होते. शरीर हलके झाले की त्याच चालण्याला ऊर्जा कमी लागते, भूक नकळत दोन घास जास्त खायला लावते, आणि पावसाळ्यात माझे चालणे कितीदा बुडाले ते मलाच ठाऊक. साखर मात्र १०१ वर आली.

मोजमापाची पद्धत तुमच्या प्रयोगशाळेतलीच: एकच काटा, सकाळची एकच वेळ, उपाशीपोटी, आणि रोजच्या आकड्याऐवजी सात दिवसांची सरासरी. घरातल्या मोठ्यांच्या वजनाचा असा आलेख जरूर काढा. स्वतः मात्र जेवण तोडू नका. तुमची उंची वाढते आहे, तिच्याबरोबर वजन वाढायलाच हवे. शंका वाटली तर डॉक्टरांना विचारा.

आमच्या घरी आलेख मुलाने काढला. दिवाळीच्या आठवड्यात रेघ एकदम वर चढली आहे. तिथे त्याने पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे: 'चकली'.